कॅमेऱ्याला पाठ

ढोलकी वाजली, आणि पहिल्याच टेकला सुमित्राताई डावीकडं गेल्या, माझ्या बाया उजवीकडं. सुमित्राताईंच्या डाव्या हाताला माझी मावशी उभी होती, ताराक्का. दोघींची टक्कर झाली, ताराक्काच्या हातातलं सूप उलटलं आणि सुपातली हळद दोघींच्या अंगावर सांडली.

“कट,” फ्रेडी मास्टर म्हणाले.

“माफ करा हं,” सुमित्राताई म्हणाल्या.

“तुमी कशाला माफी मागताय? मीच घोडी आडवी आले,” म्हणत ताराक्कानं पदरानं त्यांचं तोंड पुसायला घेतलं. मेकअपवाला लांबूनच ‘अहो, अहो’ करत धावला, पण तोवर त्याची सकाळभराची मेहनत ताराक्काच्या पदरात गेली होती.

दुसऱ्या टेकला तेच. तिसऱ्या टेकला ताराक्का शहाणी झाली आणि आपल्या जागेवरच थांबली, तर तिच्या पलीकडची बाई तिच्यावर येऊन आदळली. सुमित्राताई एक पाऊल चुकत नव्हत्या. हाताची बोटं, मानेची लचक, कमरेवरचा हात, सगळं जिथल्या तिथं. फक्त सगळं उलट्या बाजूला.

ही गोष्ट टीव्हीवर गाण्यांचे व्हिडिओ नव्यानं दिसायला लागले होते तेव्हाची. गाणं आता नुसतं ऐकून भागत नव्हतं, लोकांना ते बघायचं होतं. सुमित्रा दाबके हे नाव तेव्हा लग्नाच्या प्रत्येक मांडवात वाजायचं, पण बाईंचा चेहरा कुणाला ठाऊक नव्हता. वीस वर्षं त्या मांडी घालून, डोळे मिटून गायल्या होत्या. कॅसेट कंपनीनं त्यांना उभं केलं आणि सांगितलं, हळदीचं गाणं आहे, तुम्हीच नाचा. चाळिशी उलटलेल्या बाईनं जन्मात कधी ताल धरण्यापलीकडं पाय हलवला नव्हता. त्यांच्या घरी नाचाची व्हिडिओ टेप पाठवली, आणि तीन आठवडे त्यांनी ती बघून बघून नाच बसवला.

शूटिंगची जागा होती सांगलीजवळ, कृष्णाकाठच्या एका गावात, हळदीच्या जुन्या वखारीपुढचं पटांगण. फ्रेडी मास्टर नाच बसवणारे. आमच्या धंद्यात नाच बसवणाऱ्याला मास्टरच म्हणतात, मग तो साठीचा असो की पंचविशीचा. हे साठीचे होते. हरीश त्यांचा पहिला असिस्टंट, मी तिसरी. दुसरी लग्न करून गेली होती, पण हरीश मला वर सरकू देत नव्हता. मी इचलकरंजीची, ऑर्केस्ट्रात नाचून मुंबईला गेलेली. तेव्हा चोवीस वर्षांची होते आणि मला सगळं येतंय याबद्दल मला शंका नव्हती. आता पन्नाशी उलटली, तरी फारशी नाही.

त्या गावात माझी मावशी होती, म्हणून मास्टरांनी मला महिनाभर आधी पाठवलं. “लोकल बायका पायजेत,” ते म्हणाले होते, “खऱ्या. हळदीत हात घालणाऱ्या. मुंबईच्या पोरी हळद अशी धरतात, जसा काय पावडरचा डबा.” ताराक्का वखारीत हळद निवडायला जायची. तिनं तिच्या बरोबरीच्या बाया गोळा केल्या. आणि मी त्यांना नाच शिकवला, संध्याकाळी वखार सुटल्यावर, त्याच पटांगणात. त्यांच्याकडं पाठ करून मी पुढं उभी राहायचे, म्हणजे माझा उजवा तो त्यांचा उजवा.

पहिल्या दिवशी पारावरचे बाप्ये हसले. “नाचा, नाचा. लांब कुठंतरी उभं करतील, सुपासकट. टीव्हीत दिसंल ते सूप.”

ताराक्कानं माझ्याकडं बघितलं. मी पारावर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले, “प्रत्येकीचं तोंड दिसंल. माझा शब्द.”

शब्द मी उगाच दिला नव्हता. मुंबईतल्या माझ्या पहिल्या गाण्याला इचलकरंजीची आमची अख्खी गल्ली एका टीव्हीपुढं बसली होती. तीन मिनिटांच्या गाण्यात माझी वेणी दिसली. आईनं दुसऱ्या दिवशी बाजारात सगळ्यांना सांगितलं, वेणी आमच्या कुंदाचीच. ते मला फार लागलं होतं.

चौथ्या टेकनंतर कंपनीचे मेहेंदळे छत्रीखालून उठले. गृहस्थ सभ्य, आवाज कधी चढायचा नाही, त्यामुळं जास्तच भीती वाटायची.

“मास्टर, काय झालंय नेमकं?”

“टेप,” फ्रेडी मास्टर म्हणाले. “उलटी झाली टेप.”

आमचा एक नियम होता. शिकवायची टेप नेहमी पाठमोरी काढायची. नाचणाऱ्याची पाठ कॅमेऱ्याकडं, म्हणजे बघणाऱ्याला त्याच्या मागं उभं राहून शिकल्यासारखं होतं. टेप समोरून काढली, की नाचणारा उजवीकडं जातो आणि बघणारा डावीकडं. हे पहिल्या दिवशी शिकवतात आम्हाला.

“टेप समोरून कुणी काढली?” मेहेंदळ्यांनी विचारलं.

मास्टर हरीशवर डाफरले, “कितने बार बोला तुझे? येवढं पण ध्यान नाय ठेवता येत?”

हरीशनं तोंड उघडलं आणि मिटलं. मला गंमत वाटली. एरवी हरीश आपली चूक माझ्या गळ्यात घालायला एक श्वास घेत नसे, आणि आज त्याची वाचाच बसली होती.

“पाच वाजता ऊन जातं,” मेहेंदळे म्हणाले. “ताईंचं उद्या मुंबईत रेकॉर्डिंग आहे. आजच संपवायचंय. आता ताई बदलतील की बाकीचे?”

“ताई नाय बदलणार. बसलंय त्यांच्या पायात.” मास्टरांनी टोपी काढली, परत घातली. “मुंबईच्या सहा पोरी आहेत. त्या अर्ध्या घंट्यात उलटं करतात.”

“आणि या बायका?”

“मागं बसू दे. हळद निवडतायत असं घेऊ.”

“बाया पण उलटं करतील,” मी म्हणाले.

“करून दाखव,” मास्टर म्हणाले.

मी दाखवायला गेले. धंद्यातल्या पोरींना बाजू बदलणं म्हणजे डाव्या हातानं कुलूप उघडण्याइतकंच. पण माझ्या बायांनी महिनाभर एकच पाऊल घोटलं होतं. निम्म्या डावीकडं गेल्या, निम्म्या उजवीकडं, आणि दोघी तर जागीच उभ्या राहून कुणीकडं जायचं याची चर्चा करायला लागल्या. ताराक्कानं निर्धारानं डावा पाय उचलला आणि उजवीकडं गेली. हे कसं जमतं ते मला अजून कळलेलं नाही.

मुंबईच्या पोरी हसल्या. पारावरचे बाप्ये सकाळपासून शूटिंग बघायला आलेच होते, तेही हसले.

“जेवणाची सुट्टी,” मेहेंदळे म्हणाले. “जेवणानंतर बायकांना मागं बसवा.”

मी मास्टरांना गाठलं. “मास्टर, मी यांना शब्द दिलाय.”

“मला विचारून दिला?”

“नाही.”

“मग तू बघ.” ते माझ्याकडं न बघता बोलत होते. “माझ्या फ्रेममदी गडबड नाय पायजे, बस.”

मला राग आला. पण फ्रेडी मास्टरांवर फार वेळ रागावता यायचं नाही. मुंबईत दादरच्या हॉलमध्ये तालीम चालू असायची, आणि कोपऱ्यातल्या टीव्हीवर जुना हिंदी सिनेमा लागलेला असला, की ते मधेच हात वर करून सगळ्यांना थांबवायचे. “बघ, बघ. हिरॉइनच्या कानामागं. तो हात दिसला? माझा.” कधी हात, कधी कोपर, कधी अर्धा गाल. मास्टर व्हायच्या आधी वीस वर्षं ते मागच्या रांगेत नाचले होते. इतक्या सिनेमांत होते, पण सबंध असे एकातही नव्हते. त्यांना त्याचं दुःख आहे असं कधी वाटलं नाही, ते दाखवायचे ते अभिमानानंच. आणि आम्हाला एकच धडा रोज द्यायचे, “कॅमेऱ्याला पाठ नाय दाखवायची. कॅमेरा म्हणजे अल्तार. चर्चमदी अल्ताराला पाठ करून कोण बसतो काय?”

बाया पानं घेऊन पटांगणाच्या कडेला बसल्या होत्या. कुणी जेवत नव्हतं. मी जवळ गेले तर ताराक्का म्हणाली, “तू नगं वाईट वाटून घिऊ. हळद निवडायची तर निवडतो. रोजचंच काम हाय.”

“तू गप. तुझं तोंड दिसणार.”

“अगं, दिसंल की. खाली मान घालून दिसंल.”

तिनं मला दुखवायला म्हटलं नव्हतं, म्हणून तर ते जास्त झोंबलं. मी उठले आणि सरळ सुमित्राताईंकडं गेले. त्या वखारीच्या मालकांच्या सोप्यात बसायच्या. तिथं त्यांच्यासाठी टीव्ही आणि व्हीसीआर लावून ठेवला होता. बाई इतक्या धास्तावलेल्या होत्या, की टेप मुंबईहून बरोबर घेऊन आल्या होत्या.

त्या टीव्हीपुढं उभ्या होत्या. मी दारातूनच म्हणाले, “ताई, एक विनंती करू? तुम्ही बाजू बदलून बघाल का? मी पुढं उभी राहते.”

“सकाळपासून तेच करतेय गं. नाही जमत.” त्यांनी माझ्याकडं वळून बघितलं, त्यांचे डोळे लाल झाले होते. “मला नाच येत नाही कुंदा. मला हा माणूस पाठ झालाय, एवढंच. तो जे करतो ते मी करते.”

“हरीश?”

“हरीश कोण? हे बघ की.”

मी पुढं जाऊन टीव्ही बघितला. दादरचा हॉल, मागं भिंतीवर सोललेला रंग. आणि मधोमध फ्रेडी मास्टर नाचत होते. पाठमोरे नव्हे. समोर तोंड करून.

मी त्यांना रोज नाचताना बघत होते. शिकवताना ते निम्मंच नाचायचे, हातानं सांगायचे, गुडघा धरायचे, शिव्या द्यायचे. हे तसं नव्हतं. साठीचा माणूस हळदीच्या नवरीचा नाच नाचत होता आणि गालात हसत होता. मान वळवताना लाजत होता. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. मी पाच वर्षं त्यांच्या हाताखाली होते, आणि ते इतकं सुंदर नाचतात हे मला त्या दिवशी कळलं.

“टेपच्या सुरुवातीला ते पाठमोरेच आहेत,” सुमित्राताई म्हणाल्या. “दोनदा करतात पूर्ण गाणं. मग थांबतात, वळतात, आणि हे. मी पहिलं दोनदा बघितलं आणि सोडून दिलं. पाठ बघून कोण शिकणार? हे मात्र मी रोज बघायचे. रात्री माझे यजमानसुद्धा येऊन बसायचे बघायला.”

“तुम्ही मघाशी बोलला का नाहीत?”

“काय बोलू? मेहेंदळ्यांसमोर?” त्यांनी पडद्याकडं बोट केलं. “त्या माणसाकडं बघ ना.”

म्हणजे हरीशची वाचा का बसली ते मला कळलं. आणि हेही कळलं, की बाहेर जाऊन एक वाक्य बोलले, तर दिवस माझा होता. टेप मास्टरांची आहे. चूक त्यांची, शिक्षा माझ्या बायांना का? मेहेंदळे न्यायी माणूस होते. ऐकलं असतं त्यांनी. मी दाराकडं निघालेसुद्धा.

दारात ताराक्का उभी होती, मागं बाकीच्या. टीव्हीवर काय लागलंय ते बघायला आल्या होत्या. “ह्यो तर आमचाच नाच की,” ताराक्का म्हणाली. “बुवा चांगला नाचतोय.” आणि तिनं अंगणातच पाऊल धरलं, तिच्याबरोबर बाकीच्यांनी. टीव्हीवर मास्टर, अंगणात बाया, आणि दोहोंच्या मधे सुमित्राताई. त्यांची पाठ आता टीव्हीकडं होती. बायांकडं बघत, हसत, त्यांनीही पाऊल टाकलं.

त्या डावीकडं गेल्या, आणि बाया उजवीकडं. आणि टक्कर झाली नाही. त्या समोरासमोर होत्या. ताईंची डावी ती बायांची उजवी. सगळ्या मिळून एकाच बाजूला गेल्या, परत आल्या, वळल्या, एका दमात. ताराक्कानं सवयीनं हात पुढं केला, झिम्मा खेळताना करतात तसा, आणि सुमित्राताईंनी टाळी दिली.

मी तिथंच खाली बसले. आमच्याकडं नागपंचमीला बाया रात्र रात्र नाचतात. झिम्मा, फुगडी, फेर. त्यातला कुठला खेळ बघणाऱ्याकडं तोंड करून असतो? एकमेकींकडं तोंड करून नाचतात बाया. मी लहानपणापासून तेच खेळत आले होते, आणि मुंबईला जाऊन त्याच बायांना एका रांगेत उभं करून समोर बघायला शिकवत होते.

फ्रेडी मास्टर चिंचेखाली जेवत होते. मी जाऊन समोर बसले.

“मास्टर, गाणं होतंय. सगळ्या बायांसकट.”

“कसं?”

“ताई कॅमेऱ्याला पाठ करतील.”

त्यांनी हातातली भाकरी खाली ठेवली. “वेडी झाली काय? सिंगरची पाठ? कंपनी मला जाळील.”

“ताई आणि मुंबईच्या पोरी एका बाजूला. माझ्या बाया समोर, त्यांच्याकडं तोंड करून. झिम्म्यासारखं.”

“आणि कॅमेरा?”

“मधी.”

“मधी कुठं?”

“दोन्ही रांगांच्या मधी. खांद्यावर घेऊन. इकडं वळला की ताईंचं तोंड, तिकडं वळला की बायांची. कुणीच पाठ करत नाही मास्टर. तुमचा अल्तार उचलून मधी आणायचा, एवढंच.”

“हे कुठं शिकली?”

“पंचमीला. ताराक्कानं शिकवलं.”

“आणि आता कसं सुचलं?”

माझी नजर सोप्याकडं गेली. त्यांनीही तिकडं बघितलं. दार उघडंच होतं, आणि आत टीव्ही चालू होता.

“टेप बघितली तू?” ते हळूच म्हणाले.

“बघितली.”

“हरीशला बोललो मी सकाळी.”

“ऐकलं मी.”

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. “पाठ करून केलं पयला. दोन वेळा. बरोबर केलं. मग बोललो, एकदा वळून बघतो. कॅमेरा समोर होता, स्टँडवर. पुढं कोण नाय. बाजूला कोण नाय. चाळीस वर्षं झाली मला या लायनीत, कुंदा. असा मोकळा कॅमेरा पयल्यांदा भेटला.” मग म्हणाले, “पुसायचं होतं ते. पुसलं नाय.”

मला रडू आलं. मी ते लपवलंही नाही. “बरं झालं नाही पुसलं,” मी म्हणाले. “ताई त्याच्यावरच नाच शिकल्या.”

ते उठले. हात धुतले. मग सरळ मेहेंदळ्यांच्या छत्रीपाशी गेले, हरीशलाही हाक मारून घेतलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “टेप मी काढली. हरीशचा काय संबंध नाय. आणि गाणं आता ही बसवणार, कुंदा. मी स्पीकरजवळ उभा ऱ्हाणार.”

“म्हणजे?” मेहेंदळे म्हणाले.

“म्हणजे हिला विचारा.”

मेहेंदळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी एका दमात सांगितलं. ते काही बोलायच्या आत कॅमेरामन उदय म्हणाला, “खांद्यावर घेऊन? मधे उभं राहून? मला पाडतील त्या.”

“पाडणार नाहीत,” मी म्हणाले. “पाडलं तर ताराक्का उचलेल.”

“एक टेक,” मेहेंदळे म्हणाले. “नाही जमला तर बायका मागं.”

मी रांगा लावल्या. एकीकडं सुमित्राताई आणि मुंबईच्या पोरी. अर्ध्या तासात पोरींनी खरंच बाजू बदलली, ते श्रेय त्यांना. समोर माझ्या बाया. ताराक्का ताईंच्या बरोबर समोर. मधल्या जागेत उदय, खांद्यावर कॅमेरा, चेहरा बळी द्यायला आणल्यासारखा. सुमित्राताईंच्या मागं, थोडं लांब, स्पीकर, आणि स्पीकरजवळ फ्रेडी मास्टर.

“बायांनो,” मी म्हणाले, “कॅमेरा विसरा. पंचमी आहे. समोर माहेरवाशीण आलीय.”

“आमास्नी काय सांगतीस,” ताराक्का म्हणाली.

टेक घ्यायच्या आधी एकदा नुसतं करून बघितलं. उदय ताईंकडं वळला, आणि मी कॅमेऱ्याला जोडलेल्या छोट्या पडद्यावर बघत होते. सुमित्राताईंचं तोंड, कानात झुबे, आणि झुब्यामागं एक कोपर. मास्टर नाचत होते. ते नेहमीच नाचायचे, गाणं चालू असताना कॅमेऱ्याच्या मागं, सगळ्यांबरोबर. पण आता कॅमेरा मधे आला होता आणि त्यांना मागं जागाच उरली नव्हती. आणि इतक्या वर्षांनी पुन्हा, हिरॉइनच्या कानामागून त्यांचं कोपर दिसत होतं.

“मास्टर फ्रेममधे येतायत,” उदय म्हणाला. “त्यांना बाजूला घे.”

“घेते,” मी म्हणाले.

मी मास्टरांजवळ गेले. “मास्टर, बायांना तुम्ही दिसत नाही इथून. ठेका चुकतो त्यांचा. जरा उजवीकडं या. अजून. अजून एक पाऊल.”

“इथं?”

“इथं. आणि निम्मं नका नाचू. त्यांना सगळं दिसलं पाहिजे. टेपमधे केलंय तसं.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग कॅमेऱ्याकडं. हा माणूस कॅमेऱ्यात जन्म काढलेला, त्याला कुठून काय दिसतं ते कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांनी टोपी काढली, केसांवरून हात फिरवला, आणि टोपी स्पीकरवर ठेवली.

“अगं, आता तर ते सबंध येतायत,” उदय मला कुजबुजला.

“येऊ देत.”

“मेहेंदळे?”

“मेहेंदळ्यांचं मी बघते. तू पडू नकोस.”

ढोलकी वाजली. सुमित्राताई डावीकडं गेल्या, आणि माझ्या बाया उजवीकडं, आणि सगळ्या एकाच बाजूला. बायांनी सुपं उंचावली, हळद उडाली. उदय गरगर फिरत होता आणि पडत नव्हता. मधल्या कडव्याला सुमित्राताईंनी ताराक्काला टाळी दिली. हे बसवलेलं नव्हतं, ते दुपारी अंगणात आपसूक झालं होतं. मग प्रत्येकीनं समोरचीला टाळी दिली, मुंबईच्या पोरींनीसुद्धा, मनापासून. पारावर कुणी हसलं नाही.

गाणं संपलं तरी कुणी ‘कट’ म्हणेना. म्हणायचं मी होतं, आणि मी विसरले होते.

मेहेंदळे छत्रीखालून बाहेर आले. “अजून एक घ्या,” ते म्हणाले. “सुरक्षिततेसाठी.” आमच्या धंद्यात याचा अर्थ, पसंत आहे. पाच वाजेपर्यंत आम्ही घेत राहिलो.

ते गाणं पुढं किती वाजलं ते सांगत बसत नाही, त्या वर्षी ज्यांची लग्नं झाली त्यांना विचारा. मला त्यानंतर स्वतःची गाणी मिळायला लागली, आणि आजतागायत मी हात रिकामे ठेवले नाहीत. लोक म्हणतात कुंदा म्हेत्रेच्या नाचात सगळे एकमेकांकडं बघत असतात. म्हणू देत. माझ्या तालमीच्या हॉलमध्ये आरसा नाही. नवीन पोरं विचारतात, आम्ही बघायचं कुणाकडं? मी सांगते, समोरच्याकडं.

गाणं टीव्हीवर पहिल्यांदा लागायचं होतं त्या रविवारी सकाळी मी इचलकरंजीला होते, ताराक्कालाही तिथंच बोलावलं होतं. अख्खी गल्ली बसली होती. एकेक बाई दिसत गेली, आणि दिसली की आई तिचं नाव विचारायची आणि ताराक्का सांगायची, हळद उडाल्यावर तिचं स्वतःचं तोंड आलं तोवर. तेव्हा मात्र तिनं पदर तोंडाला लावला.

मग कॅमेरा वळला. सुमित्राताई हसत होत्या, आणि त्यांच्या शेजारी, मागं, ऊन अंगावर घेऊन, एक पांढऱ्या केसांचा माणूस नाचत होता. मेहेंदळ्यांनी तो तुकडा कापायला सांगितला होता, हे मला नंतर कळलं. सुमित्राताईंनी त्यांना सांगितलं, तो कापला तर माझी पुढची कॅसेट दुसऱ्या कंपनीकडं जाईल. त्या बाईंनी आयुष्यात दिलेली ही एकच धमकी असावी.

गाणं संपलं आणि शेजारच्या डॉक्टरांच्या घरी फोन वाजला. माझ्यासाठी. पलीकडून रस्त्याचा आवाज येत होता, बहुतेक कोपऱ्यावरच्या दुकानातून केलेला.

“कुंदा,” फ्रेडी मास्टर म्हणाले, “माझा टीव्ही लय छोटा आहे. ब्लॅक अँड व्हाइट. मला नीट नाय समजत. दिसतो काय मी?”

“दिसताय मास्टर.”

मागं एक बस गेली.

“पूर्ण?”

“पूर्ण,” मी म्हणाले. “डोक्यापासून पायापर्यंत.”